जुन्या काळाच्या टोप्या घरी करताना: आधी केस, मग टोपी

सुईदोरा

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस हा धागा काढायचं मनात होतं. मी मँचेस्टरच्या दक्षिणेला, स्टॉकपोर्टजवळ राहते. हे गाव एके काळी फेल्टच्या (न विणता, लोकर किंवा केस दाबून केलेल्या जाड कापडाच्या) हॅटांवर जगायचं. कारखाने गेले, पण इथल्या फुटबॉल संघाला लोक अजून ‘हॅटर्स’च म्हणतात आणि गावात एका जुन्या गिरणीत हॅटांचं संग्रहालय आहे. (लंडनच्या वरचं ल्यूटन हे दुसरं गाव. तिथे गव्हाच्या काडीच्या वेण्या शिवून हॅट व्हायच्या. त्यांचा संघही ‘हॅटर्स’च.) इथे उन्हाळ्यात १९२० च्या, १९४० च्या काळाचे मेळे भरतात. माणसं त्या काळचे कपडे घालून येतात, बँड वाजतो, चहा होतो. पहिल्या वर्षी मी आणलेली हॅट ऑनलाइन विकत घेतलेली होती. आरशात पाहिलं तर झगा बरोबर, बूट बरोबर, आणि डोक्यावर मात्र भांडं उपडं घातल्यासारखं. का, ते कळायला मला दोन वर्षं लागली, म्हणून तेच आधी सांगते.

हॅट डोक्यावर बसत नाही, ती केसांवर बसते. प्रत्येक काळाची टोपी त्या काळच्या केशरचनेवर बेतलेली असते. १९१० च्या आसपास बायका केसांत भरण घालून ते फुगवायच्या. म्हणून तेव्हाच्या हॅट परातीएवढ्या, आणि त्या टिकायच्या वीतभर लांब पिनांवर. मग केस कापायची पद्धत आली आणि घंटेच्या आकाराची ‘क्लॉश’ आली. फ्रेंचमध्ये क्लॉश म्हणजे घंटाच. १९०८ साली पॅरिसच्या कॅरोलीन रेबू यांनी ती प्रथम केली असं मानतात, पण ती घरोघरी पोचली १९२० च्या दशकात, कारण बारीक कापलेल्या केसांवरच ती भुवयांपर्यंत खाली येते. १९४० मध्ये केस पुढे गुंडाळून उंच बांधायचे, तर हॅट झाली छोटी आणि कपाळावर कललेली.

माझा अंबाडा डोक्याच्या मागे उंचावर असायचा आणि त्यावर मी क्लॉश दाबत होते. ती बसणार कशी?

तेव्हा नियम एकच. ज्या दिवशी डोकं मोजायचं त्या दिवशी केस कार्यक्रमासारखे बांधायचे, मगच टेप लावायची. क्लॉशसाठी लांब केसवाल्यांनी मानेलगत चपटा अंबाडा घालावा किंवा दोन पातळ वेण्या डोक्याभोवती सपाट फिरवाव्यात. टेप कपाळाच्या मध्यातून, कानांच्या जरा वरून, मागे डोक्याच्या उंचवट्याखालून. माझं माप मोकळ्या केसांत ५५ सेंमी आणि वेण्या घातल्यावर ५७ भरतं. दोन सेंमी म्हणजे अर्धा दिवस डोकेदुखी.

आता कृती. लोकरीच्या फेल्टचा तयार ‘कोन’ मिळतो, म्हणजे टोपडीसारखं बिनआकाराचं कापड. तो ओला करून भरपूर वाफ द्यायची. मी साधी किटली वापरते. मऊ झाला की लाकडी फर्म्यावर, म्हणजे डोक्याच्या आकाराच्या साच्यावर, खेचून बसवायचा. दोन्ही हातांनी, समोरासमोरच्या बाजूंनी, थोडं थोडं. एकाच बाजूने ओढलं तर तिथे फेल्ट विरतं आणि उजेडात धरलं की दिसतं. कपाळाच्या रेषेवर सुतळी घट्ट बांधायची आणि लाटण्याच्या टोकाने ती खाली सरकवत न्यायची. सगळ्या सुरकुत्या त्या सुतळीखाली गेल्या पाहिजेत. मग चोवीस तास हात लावायचा नाही. मी एकदा बारा तासांत काढली आणि संध्याकाळपर्यंत ती बोटभर आक्रसली.

वाळल्यावर कडा कापायची, मागे कमी, पुढे जास्त. आत लावायची पट्टी सगळ्यांत महत्त्वाची. पीटरशॅम नावाची फीत मिळते, तिच्या कडेला बारीक दाते असतात, त्यामुळे इस्त्रीने तिला गोलाई देता येते. साधी रिबन वळत नाही. फीत डोक्याच्या मापाची कापायची, वर अडीच सेंमी जोडाला, आणि फेल्ट त्या फितीत सामावून घ्यायचं. हॅटचं माप ही फीत ठरवते. टाका आतून लांब, बाहेरून मोहरीएवढा. जोड मागे मध्यावर.

प्रश्न विचारा. फोटो उद्या टाकते.

मंजिरी_नागपूर

सुईदोराताई, किती निगुतीने लिहिलंय! केसांचं कधी सुचलंच नसतं. मला एक सांगा, लाकडी फर्मा इथे कुठे मिळणार? आणि बाजारातलं फेल्ट मी वाफेवर धरून पाहिलं, ते ढिम्म हललं नाही.

सुईदोरा

मंजिरी, हस्तकलेच्या दुकानातले रंगीत चौकोन बहुतेक ॲक्रिलिक किंवा पॉलिस्टरचे असतात. लोकरीच्या केसाला खवले असतात. ऊब, ओल आणि घर्षण मिळालं की ते एकमेकांत अडकतात, म्हणून लोकर आटते आणि आकारही धरते. कृत्रिम धाग्याला खवलेच नाहीत. विकत घेताना एक धागा जाळून बघ. लोकर केस जळाल्यासारखा वास देते आणि राख चुरगळते. कृत्रिम धाग्याची वितळून टणक गोळी होते.

फर्म्याचं म्हणशील तर मीही दोन वर्षं विकत घेतला नव्हता, इथेही तो महाग पडतो. थर्माकोलचं डोकं आणू नकोस, गरम वाफेने ते चेपतं. स्टीलच्या पातेल्याला टाचणी टोचत नाही. मी काय केलं सांगते. माझी आजी कागदाच्या लगद्यात मेथी वाटून घालायची आणि टोपल्या करायची, तुमच्यापैकी अनेकांच्या घरी असतील. त्याच लगद्याचा दोन बोटं जाड थर योग्य मापाच्या पातेल्यावर चढवला, आठ दिवस उन्हात वाळवला, वर दोन हात व्हार्निश दिलं आणि वापरताना पातळ प्लास्टिक गुंडाळलं. त्यावर चौदा हॅट झाल्या.

माणदेश

लोकरीचं फेल्ट म्हणाल तर ते आपल्याकडेही आहे. घोंगडी मागावर विणतात, पण जेन विणत नाहीत. दख्खनी मेंढीची लोकर पसरून, पाणी मारून, दाबून-लाटून करतात. म्हणजे ताई म्हणतात तेच खवल्यांचं काम. माझ्या आजोळी बसायला जेनच होतं. जाड आणि राठ असतं, टोपीला चालेल का?

सुईदोरा

माणदेश, हे वाचून अंगावर काटा आला. लहानपणी जेनावर झोपलेय आणि इतकी वर्षं फेल्टचं काम करून हे डोक्यात आलं नव्हतं! बायकांच्या हॅटसाठी ते फार जाड होईल, मऊ मेरिनो लोकरीसारखं ते ताणलंही जाणार नाही. पण शेतकरी, धनगर, सैनिक यांच्या वेषासाठी ताठ टोपी हवी असेल तर जरूर करून बघा. आतून सुती अस्तर लावा, नाहीतर कपाळाला खाज सुटेल. आणि ताठपणासाठी घोंगडीला लावतात तीच चिंचोक्याची खळ वापरता येईल.

इथे जुने कारागीर लाख वापरायचे. आपले सुतार पॉलिशला घेतात तोच चपडा, स्पिरिटमध्ये विरघळवलेला. स्टॉकपोर्टच्या हॅटला भारतातली लाख लागायची, हे मला संग्रहालयात कळलं तेव्हा मी बराच वेळ त्या काचेपुढे उभी होते.

पडद्यामागे

ताई, धागा वाचनखुणेत साठवला. मी पुण्यात हौशी नाटकांची वेशभूषा बघते. आमची एकांकिका १८९७ च्या प्लेगच्या काळातली आहे. दोन पगड्या, एक साहेबाची सोला टोपी आणि एक मडमेची हॅट, इतकं हवंय. गेल्या वर्षी पगडी एका ड्रेपरीवाल्याकडून भाड्याने आणली होती. नट खाली वाकला आणि ती घरंगळत विंगेत गेली. प्रसंग मृत्यूचा होता. त्या मुलाने तो प्रसंग कसा सावरला ते मी विसरणार नाही, पण चूक माझी होती, त्याची नव्हे. यंदा मी स्वतः करणार आहे.

तुमच्या केसांच्या मुद्द्यावरून वाटतं, पगडीचंही हेच असावं?

सुईदोरा

अगदी हेच असणार, पण पगडीतलं मला फार कळत नाही. जाणकार लिहितीलच. मडमेच्या हॅटबद्दल मी रात्री लिहिते.

शनिवारपेठी

मी पगडी करणारा नव्हे, पण आमच्या घरात पणजोबांची एक आहे आणि मी ती अनेकदा निरखली आहे.

पडद्यामागे, तुमचा तर्क बरोबर आहे. पूर्वी पागोटं रोज डोक्यावर बांधायचे. पगडी म्हणजे तेच बांधून, शिवून कायमचं केलेलं. पुणेरी पगडीचं आजचं रूप न्यायमूर्ती रानड्यांपासून रूढ झालं असं मानतात, पुढे टिळकांमुळे ते घरोघरच्या तसबिरीत गेलं. २००९ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण त्या काळच्या छायाचित्रांत नीट बघा, डोकी घेरा-शेंडीची आहेत, पुढचा भाग भादरलेला. पगडी कातडीला लागून बसते, म्हणून खाली कपाळावर येते. आजच्या मुलाच्या दाट केसांवर तीच ठेवली की ती दोन बोटं वर तरंगते. मग वाकलं की पडणारच.

आणखी एक. पगडीचा पुढे आलेला उंच भाग, कोका, वजनाला जड असतो. मागच्या बाजूला तेवढंच वजन नसेल तर ती सतत पुढे झुकते. पणजोबांच्या पगडीत मागे आतून कापडाची जाड घडी शिवलेली आहे. मला आधी ती डागडुजी वाटायची, आता वाटतं ती मुद्दाम घातलेली असावी.

पडद्यामागे

काका, तुमचे उपकार कसे फेडू! आमचा नट टकलाचा टोप लावून शेंडी चिकटवणार आहे. म्हणजे आधी टोप चढवायचा, त्यावर माप घ्यायचं. मी मागच्या वर्षी तालमीत, टोप नसताना माप दिलं होतं. सगळं आता लक्षात येतंय.

किनारा

मी मडगावची. पुढच्या कार्निव्हालला आमच्या गटाला जुन्या पोर्तुगीज काळाच्या हॅट करायच्या आहेत. फेब्रुवारीतसुद्धा दुपारी नाचताना फेल्ट सोसणार नाही. काय वापरू?

सुईदोरा

किनारा, बकरम. पण नीट ऐक, शर्टाच्या कॉलरला शिंपी लावतात ते नव्हे. ते इस्त्रीने चिकटतं, वळत नाही. हॅटचं बकरम म्हणजे खळ दिलेली सुती जाळी. पाण्यात बुडवली की मेणासारखी मऊ होते, फर्म्यावर बसवली आणि वाळली की पुठ्ठ्यासारखी. तयार नाही मिळालं तर जाळीदार सुती कापडाचे दोन थर घट्ट खळीत भिजवून एकावर एक उरेब, म्हणजे तिरके, ठेवून चढव. कडेला तार हवीच, आणि ती काजटाक्याने पक्की कर. बांधकामाची काळी तार नको, घामाने गंजते आणि डाग वर येतात. फुलवाल्यांची कागद गुंडाळलेली तार दुहेरी करून घे. वरून पातळ सुती कापड.

बकरमच्या हॅटचा एकच शत्रू, पाणी. पाऊस, फवारा, कशानेही ती मऊ पडून चेपते.

आता पडद्यामागे, तुमची मडम. १८९७ म्हणजे बाह्या खांद्याशी फुगलेल्या, केस डोक्यावर उंच बांधलेले, आणि त्यावर लहान, सपाट, कडक काठाची काडीची हॅट, आडवी, सरळ. कललेली नको, कलणं पुढच्या काळाचं. ती डोक्यात शिरत नाही, नुसती वर ठेवलेली असते आणि पिनेने केसांत अडकते. म्हणजे तुमच्या मुलीला आधी अंबाडा किंवा गंगावन घालून ठेवा, पिनेला पकडायला काहीतरी लागतं.

काडी नसली तर शिंदीच्या पानांच्या चटईची पट्टी घ्या. चटई विणणाऱ्यांकडे शिवायच्या आधीची लांब वेणी मिळते. ओली करायची, माथ्याच्या मध्यापासून चकलीसारखी फिरवत जायचं आणि प्रत्येक वेढा आधीच्यावर पाव इंच चढवून शिवायचा. ल्यूटनच्या बायका असंच करायच्या. माथा हवा तेवढा झाला की वेणी एकदम घट्ट ओढायची, म्हणजे ती खाली वळते आणि उभी भिंत तयार होते. काठ सुरू करताना परत सैल सोडायची. आकार सगळा हाताच्या ओढीत आहे, कात्री लागतच नाही.

साहेबाच्या सोला टोपीसाठी खरा शोला मिळाला तर उत्तम, बंगालात नवरदेवाचा टोपोर आणि दुर्गेचे दागिने ज्याचे होतात तीच वनस्पती. नाही मिळाला तर माझा लगदा आहेच. वर खाकी सुती कापड उरेब कापून ताणा, आणि काठाखाली आतून हिरवं अस्तर लावा. नट मान वर करील तेव्हा ते हिरवं दिसतं आणि टोपी खरी वाटते.

टाकेटीप

ताई, एक शंका. आजोबांची खरी फेल्ट हॅट माळ्यावर सापडली, १९३० च्या आसपासची. वाफ देऊन बायकांची कललेली हॅट करू म्हणते. चाळीसच्या दशकात असं करायचे ना?

सुईदोरा

करायचे, खरंय. इंग्लंडमध्ये १ जून १९४१ ला कपड्यांवर रेशन आलं आणि ते १९४९ पर्यंत राहिलं. हॅटला कुपनं लागत नसत, पण त्या महाग झाल्या, म्हणून नवऱ्याची जुनी हॅट कापून बायकांनी आपली केली. नाहीतर सरळ डोक्याला रुमाल.

पण तुमच्या आजोबांच्या हॅटला वाफ देऊ नका, हे कळकळीने सांगते. सशाच्या केसांचं फेल्ट करताना ते केस पाऱ्याच्या द्रावणात भिजवायचे. कारागिरांचे हात त्यामुळे कापायचे, बोलणं अडखळायचं. अमेरिकेत ही पद्धत १९४१ मध्ये थांबली. जुन्या हॅटमध्ये पारा उरलेला असू शकतो आणि उष्णतेने त्याची वाफ होते. ती तशीच जपा, हातमोजे घालून पुसा, काचेच्या कपाटात ठेवा. नवा लोकरीचा कोन घ्या.

तसंच जुन्या हॅटवरची झगझगीत हिरवी कापडी पानं काढून नव्या हॅटला लावू नका. एकोणिसाव्या शतकात त्या रंगात आर्सेनिक असायचं. १८६१ साली लंडनमध्ये अशी पानं रंगवणारी १९ वर्षांची मुलगी, माटिल्डा श्यूरर, त्याच विषाने गेली. मी ते वाचल्यापासून पानं स्वतः रंगवते.

आणि पिसं. मावशी येताना प्रेमाने मोरपिसं घेऊन निघाली होती, ती तिला विमानतळावर सोडावी लागली. भारतातून ती बाहेर नेता येत नाहीत. मला आधी वाईट वाटलं. मग कळलं की इथल्या बायकांनीच हॅटसाठी होणारी पक्ष्यांची कत्तल थांबवायला १८८९ मध्ये संस्था काढली, तीही माझ्या घरापासून जवळ, डिड्सबरीत, आणि १९२१ मध्ये परदेशी पिसं आणायला बंदी आली. आता मी कोंबडीची पिसं घेते, कात्रीने निमुळती करते, चहाच्या पाण्यात रंगवते.

मंजिरी_नागपूर

लगद्याचा फर्मा तयार! मेथीमुळे घरभर वास सुटलाय, पण भेग एकही नाही. ठेवायच्या कशा हेही सांगा. माझ्या लोकरीच्या शालीला दर पावसाळ्यात कसर लागते.

सुईदोरा

काठावर कधीच ठेवायची नाही, काठ वाकतो. माथ्यावर उलटी ठेवायची, आत जुन्या मऊ कापडाचा बोळा. डांबराच्या गोळ्यांचा वास फेल्टमधून वर्षभर जात नाही, त्यापेक्षा वाळलेला कडुलिंब पुरचुंडीत. मुख्य म्हणजे घाम लागलेली हॅट तशीच बंद करायची नाही, कसर आधी तिथेच लागते.

पडद्यामागे

काल प्रयोग झाला. सगळ्यांना सविस्तर सांगायचं कबूल केलं होतं.

पगडीसाठी नटाला टोप चढवून, त्यावर प्लास्टिक गुंडाळून थेट त्याच्या डोक्यावरच कागदाच्या पट्ट्यांचा साचा घेतला. बिचारा पाऊण तास हलला नाही. त्या साच्यावर लगद्याची पातळ टोपी, वर जुन्या धोतराच्या लाल रंगवलेल्या उरेब पट्ट्या, दुमडून एकावर एक, गादीवाल्याच्या वाकड्या सुईने शिवल्या. कोका लगद्याचाच, आत पोकळ ठेवला. शनिवारपेठी काकांनी सांगितल्याप्रमाणे मागे कापडाची घडी शिवली, आधी हलकी, मग तालमीत तो वाकल्यावर अजून एक.

मृत्यूच्या प्रसंगात तो वाकला, गुडघ्यावर आला, जमिनीला कपाळ टेकवलं. पगडी हलली नाही. मी विंगेत उभी होते, माझे हात नकळत पुढे झाले होते.

मडमेची हॅट मात्र दुसऱ्या प्रवेशात मागे सरकली. पीन होती, गंगावन होतं, तरी सरकली.

सुईदोरा

पडद्यामागे, वाचता वाचता डोळे भरून आले. पीन कुठून घातली होती? हॅटच्या काडीतून आत, मग केसांतून, आणि परत काडीतून बाहेर आली पाहिजे. नुसती केसांत खोचली तर सरकते.

पडद्यामागे

नुसती खोचली होती. शनिवारी पुढचा प्रयोग आहे, तेव्हा परत बाहेर काढते. आणि पगडीच्या आतली घामपट्टी पूर्ण भिजली आहे, ती आज रात्री उसवून नवी लावते. टिपेने न शिवता मोठ्या धावदोऱ्याने टाकली तर दर प्रयोगाला बदलता येईल, नाही का?

सुईदोरा

हो, धावदोराच. आणि पट्ट्या चार एकदम कापून ठेवा.